यजमानाचे नाव

नाव आणि पत्ता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मराठीच्या अध्यापकांना शिकवायला लिनक्सवर चालणारा एखादा संगणक पुरेसा होतो. नाशिकच्या आमच्या विभागात जात्यावरच्या ओव्यांच्या काही जुन्या कॅसेट आहेत. त्या संगणकावर उतरवून घेतल्या. परंतु एका कॅसेटमधील शब्द जात्याच्या घरघरीत पार बुडालेले. ती घरघर मंद करावी म्हणून 'आर्डर' या ध्वनिसंपादन प्रणालीत आम्ही एक प्लगइन जोडले. ते उघडेना; उलट सारी प्रणालीच गोठवून ठेवी.

साउंडकार्ड पाहिले, ड्रायव्हर पाहिले. दोष तिथे नव्हता. खूण सापडली ती भलतीकडेच. टर्मिनलमध्ये 'सुडो'ची कोणतीही आज्ञा दिली, की होस्टचा पत्ता लागत नसल्याची तक्रार उमटे. हा संगणक दुसऱ्या विभागातून आलेला, आणि येताना त्याचे नामांतर झालेले. लिनक्समध्ये यंत्राचे नाव 'होस्टनेम' या फाइलीत असते; कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे 'होस्ट्स' या दुसऱ्या फाइलीत. पहिलीत नवे नाव होते, दुसरीत जुनेच. प्लगइन सुरू होताना यंत्राचे नाव विचारी, त्या नावाचा पत्ता शोधी, घरात उत्तर मिळाले नाही की बाहेर नेटवर्कवर चौकशी करी, आणि ताटकळत बसे. डेबियनच्या प्रथेप्रमाणे 'होस्ट्स'मध्ये १२७.०.१.१ या अंकांपुढे नवे नाव लिहिले. प्लगइन तत्काळ उघडले.

होस्ट म्हणजे यजमान. आपल्याकडे यजमानांचे नाव घ्यायला उखाणा लागतो. इथे एका ओळीवर भागले.

घरघर ओसरली. पूर्ण मात्र काढली नाही. जात्यावाचून ओवी पोरकी. शब्द मोकळे झाले. भाऊ, लेक, पंढरीचा विठ्ठल, साऱ्यांची नावे त्या बाईने घेतली आहेत, स्वतःचे नाही. जनाबाईच्या अभंगात निदान 'जनी' ही नाममुद्रा असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव-गावही नोंदले गेले, म्हणून त्या स्त्रिया आज ओळखता येतात. आमच्या कॅसेटवर केवळ गाव आणि तारीख आहे. पत्ता आहे, नाव नाही.

येत्या सुटीत त्या गावी जाऊन ही ओवी ऐकवावी आणि आवाज कोणाचा, हे विचारावे, असे आम्ही ठरविले आहे. सूचीतला नावाचा रकाना तोवर मोकळा आहे.