मिठागरांतून जाणारी आगगाडी

बँकॉकचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांसमोर झगमगाट उभा राहतो. मी आज ज्या आगगाडीची हकिगत सांगणार आहे, तिच्या एका टप्प्याचे तिकीट दहा बाथ, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. डब्यात छताला पंखे, खिडक्या उघड्या, आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर भाजीची पिशवी. आपल्या एस.टी.त बसल्यासारखेच वाटले.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला असतो. २०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे आठ दिवस गेलो होतो. देवळे झाली, राजवाडा झाला, उंच इमारती झाल्या. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "बाबा रे, आता मला जरा माती दाखव." त्याने सुचवलेली ही सहल. सकाळी निघून संध्याकाळी परत.

शहराच्या थोनबुरी भागात वोंगवियान याई नावाचे छोटे स्टेशन आहे. फलाट एकच, आणि त्यालाच लागून फळवाले, चहावाले. तिथून महाचायपर्यंत सुमारे एकतीस किलोमीटर एक गाडी जाते. तिथे गाडी सोडायची, नदी होडीने ओलांडायची आणि पलीकडे बान लेमला दुसरी गाडी पकडून आणखी तेहेतीसेक किलोमीटरवरच्या मेक्लाँग गावी जायचे. मधल्या नदीवर रेल्वेचा पूलच नाही. १९०५ च्या सुमारास हे रूळ पडले ते खाजगी कंपनीकडून. समुद्रकाठची मासळी आणि शेतमाल राजधानीत पोचवण्यासाठी. रूळ मीटर गेजचे. आपल्याकडे १८९७ साली बार्शी लाईट सुरू झाली, ती याहूनही अरुंद होती. तिचे आता ब्रॉडगेज झाले. ही मात्र अजून आपल्या जुन्या चालीने चालली आहे.

महाचाय स्टेशन म्हणजे बाजाराच्या पोटात घुसलेले. उतरलो आणि आठ वाजले. कर्ण्यावर त्यांचे राष्ट्रगीत लागले. मासळीची पाटी घेतलेला हमालसुद्धा जागच्या जागी उभा राहिला. गीत संपताच पुन्हा गलका. सौ. कोळंबी, खेकडे, सुकी मासळी पाहण्यात अशी रमली की तिला हाताला धरून धक्क्यावर आणावे लागले. ता चिन नदी पलीकडे करायला होडीला चार-दोन बाथ. पलीकडच्या ता चालोमबद्दल एक गोष्ट कळली, ती आमच्या पंचायत समितीतल्या लोकांना सांगण्यासारखी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा चुलालोंगकोर्न यांच्या कारकिर्दीत बँकॉकबाहेरची पहिली स्वच्छता-पंचायत इथे नेमली गेली. तिची सुरुवात गावची वाट आणि घाण यांपासूनच झाली होती.

बान लेमची गाडी दिवसाला चारच खेपा करते, म्हणून वेळेचे भान ठेवावे लागते. ती सुटली आणि थोड्याच वेळात दोन्ही अंगांना मिठागरे लागली. आता तुम्ही म्हणाल, अलिबागकडच्या माणसाने मिठागरांचे काय कौतुक करावे? पण पेण-उरणकडची किती मिठागरे गेली ते आपण पाहिले आहे. समुद्राच्या पाण्यात क्षार शेकडा साडेतीनच. ते पाणी एका कोंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे सरकवत उन्हाने दाट करायचे, आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरू द्यायचे. पाणी चढवायला तिथे लाकडी पवनचक्क्या होत्या, त्यांची जागा बरीचशी इंजिनांनी घेतली आहे. तरी एकदोन चक्क्या दिसल्या. कोंडीत पांढरे ढीग टोकदार लावलेले. पावसाळ्यात मीठ धरत नाही, तेव्हा यातल्या काही कोंड्यांत मासे आणि कोळंबी पोसतात. एकच तळे, दोन हंगाम.

याच डब्यात मुलाने तो विषय काढला. आमची गावाकडे माडांची वाडी आहे आणि वाडीच्या खाली दोन एकर खाजण. २०१९ च्या पावसाळ्यात खारबांधाला खांड पडली, भरतीचे पाणी आत शिरले, तेव्हापासून त्या दोन एकरांत भाताचा दाणा नाही. बंगल्यांसाठी जमिनी घेणारा एक गिऱ्हाईक धाकट्या भावाकडे तीन वेळा येऊन गेला होता. वाडी आणि खाजण एकत्र हवे, असे त्याचे म्हणणे. भावाला मुलीचे लग्न करायचे आहे. आई त्याच वाडीतल्या घरात राहते.

मुलगा म्हणाला, "बाबा, खारं पाणी शिरलेल्या जमिनीला कोण किंमत देतं? देतोय तर घ्या. काकांची अडचण सुटेल."

सौ. खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "आणि आजीनं कुठं जायचं रे?"

त्यावर तो गप्प झाला. मीही झालो. मुलाचे म्हणणे हिशेबाने खोटे नव्हते, हे इथे नमूद करतो.

मेक्लाँग जवळ आले तशी गाडी माणसाच्या चालीने चालू लागली. घंटा वाजत होती. रुळांवरच भाजीबाजार भरतो. दुकानदार ताडपत्रीच्या छपऱ्या मागे ओढतात, चाकांवरच्या मांडण्या ढकलून सरकवतात, आणि खिडकीपासून हातभर अंतरावर बाया उभ्या. वांगी, गवती चहा, मिरच्या यांच्या बुटक्या टोपल्या रुळांलगत तशाच ठेवलेल्या, गाडी त्यांच्यावरून जाते आणि एक मिरची हलत नाही. गाडी गेली की छपऱ्या पुन्हा पुढे. प्रवासी छायाचित्रे काढण्यात गर्क, पण मला नवल वाटले ते वेगळ्याचे. त्या बाया एवढ्या गर्दीतही गावच्या गिऱ्हाइकाला आधी माल देत होत्या. इथला प्ला थू मासा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. वाफवून बांबूच्या छोट्या परडीत मावावा म्हणून त्याची मान मोडून ठेवतात. सौ.ने दोन परड्या घेतल्या, आणि परतीच्या वाटेत डबाभर त्याचा वास होता.

दुपारी बाकड्यांच्या गाडीने, म्हणजे आपल्या वडापनेच म्हणा ना, पाच-सहा किलोमीटरवर अम्फावाकडे गेलो. या मुलखात खारे, मचूळ आणि गोडे अशी तीनही पाणी आहेत. तिथली माडांची बाग पाहून मी तासभर हललो नाही. जमिनीत समांतर चर खणायचे आणि चराची माती दोन चरांमध्ये टाकून रुंद, उंच वरंबा करायचा. वरंब्यावर माड, पोमेलो, लिची. चरात पाणी. पाऊस वरंब्यातला क्षार धुऊन खाली नेतो, मुळे कोरड्यात राहतात, आणि कालव्याच्या तोंडावरच्या झडपेने पाणी आत घ्यायचे की बाहेर सोडायचे ते मालक ठरवतो. आपल्या उघाडीचेच तत्त्व. फरक एवढाच की तिथे प्रत्येक बागवाल्याची झडप त्याच्या हातात.

बागेची मालकीण साठीची असावी. तिचा मुलगा माडावर चढून न उमललेल्या पोयीची कापलेली टोके पुन्हा तासत होता आणि रसाची नळकांडी उतरवत होता. रस आंबू नये म्हणून नळकांड्यात एका झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकतात. मग मोठ्या कढईत तो आटवून साखर करतात. आपल्याकडे माड काढायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, हे मी मुलाकरवी तिला सांगितले, तेव्हा ती हसत सुटली. तिने दोन ढेपा समोर ठेवल्या. एक टणक आणि उजळ, एक मऊ आणि घाम सुटलेली. टणक ढेपेत उसाची साखर मिसळलेली, ती टिकते आणि दुकानदाराला आवडते. मऊ ढेप निखळ, पण लवकर विरघळते. गुळाच्या बाबतीत आपल्याकडेही उजळ रंगाला भाव मिळतो, काळसर गुळाला नाही. "मुलगा चढतो आहे तोवर ही," ती म्हणाली. माडावर चढणारा मिळत नाही, ही रड तिथेही आहे.

नक्कल करून आपले भागणार नाही, हे मी परतीच्या गाडीतच मुलाला सांगितले. त्यांना मेक्लाँग नदीचे गोडे पाणी कालव्यांतून मिळते. आपल्याला पाऊस मिळतो, त्यांच्याहून जास्त, पण चारच महिने. मात्र पश्चिम बंगालच्या सुंदरबनात कृषी संशोधन केंद्रांनी चर आणि उंच वरंबे यांचीच पद्धत खाऱ्या जमिनीवर राबवली आहे. चरात पावसाचे गोडे पाणी साठवायचे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. तेवढे आपल्या हातात आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोन एकरांपैकी पंधरा गुंठ्यांत दोन चर खणले. आधी गावकऱ्यांनी मिळून खांड बुजवली होती, नाहीतर चर खणणे म्हणजे भरतीला दार उघडून देणे. मातीची विद्युतवाहकता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. आमची ९ होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वरंब्यावरची साडेतीनपर्यंत उतरली. खालच्या भागात अजून फारसा फरक नाही. वरंब्यावर आईने पालक आणि मुळा घेतला, माडाची बारा रोपे लावली आहेत. चरातले पाणी फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पुरले, त्यानंतर मचूळ झाले.

भावाच्या मुलीचे लग्न मी आणि मुलाने मिळून निभावले. खर्चाचा काही भाग कर्जाऊ आहे. गिऱ्हाइकाने आमच्या शेजारचे खाजण घेतले आणि भराव टाकला. त्या भरावाने उघाडीकडे जाणारा नाला अडला आहे, म्हणून गेल्या पावसात आमच्या खालच्या चराला पाणी निघायला आठ दिवस लागले. तहसील कार्यालयात अर्ज दिला आहे. स्थळपाहणी पुढच्या महिन्यात होईल, असे सांगितले आहे.