तांबड्या रेघेवाचून

अमेरिकेतील बोस्टन शहरी जाणाऱ्या प्रवाशास वाटाड्या लागत नाही. १९५१ साली विल्यम स्कोफील्ड नावाच्या एका वृत्तपत्रकाराने सुचविले की, शहरातील स्वातंत्र्ययुद्धाची स्थळे एकमेकांस जोडणारी पायवाट आखावी. आणि ती खरोखरच आखली गेली. १६३४ सालच्या बोस्टन कॉमन या मैदानापासून निघालेली तांबडी रेघ, कोठे विटांची तर कोठे रंगाची, सुमारे चार किलोमीटर धावते, सोळा स्थळे दाखविते आणि नदीपलीकडे बंकर हिलच्या स्मारकाशी थांबते. लेकाकडे वा लेकीकडे तिकडे जाऊन आलेले आमचे स्नेही बाकी सारे विसरतात. या रेघेचे वर्णन मात्र तोंड भरून करतात. त्या स्मारकाच्या २९४ पायऱ्या चढताना गुडघ्यांनी काय म्हटले, तेही त्यांस आठवत नाही.

आमच्या दादरा नगर हवेलीसही मुक्तीचा संग्राम लाभला आहे. रेघ मात्र येथे कोणी ओढलेली नाही. म्हणून पाहुणे आले की आम्ही त्यांना सिल्वासात पायीच हिंडवितो. पाहुण्यांची पहिली ओढ असते ती वासोण्याच्या सिंहांकडे. गीरचे सिंह आणून ठेवल्यापासून वासोण्याचे नाव दूरवर गेले. परंतु सिंह पाहावयाचे ते बंद गाडीत बसून, आणि आमचा विषय आहे चालण्याचा.

आरंभ करावा तो ख्रिस्ती देवळापासून. हे 'पिएदाद' मातेचे चर्च १८९७ सालचे. त्याच्या समोर उभे राहून मनात आणावे की, १८८५पर्यंत सिल्वासा हे एक साधे खेडे होते. त्या वर्षी पोर्तुगीजांनी दरारा येथील कचेरी येथे हलविली आणि गावास 'विला द पासो द आर्कोस' असे भारदस्त नाव दिले. ते नाव कागदावरच राहिले, सिल्वासा टिकले.

पोर्तुगीज येथे आले तेच मुळी मराठ्यांच्या हातून. त्यांचे 'सांताना' नावाचे जहाज मराठी आरमाराने नष्ट केले होते. त्याच्या भरपाईपोटी, १७७९च्या तहान्वये, पेशव्यांनी त्यांस येथील गावांचा वसूल लावून दिला. नगर हवेली १७८३ साली त्यांच्या हाती गेली, दादरा १७८५ साली. या तहाची हकीकत आम्हांस विशेष रसाची वाटते. १९५५ साली पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, तेव्हा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कराराचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांपुढे ठेवले गेले. पेशव्यांनी दिले ते काय? सार्वभौमत्व की केवळ उत्पन्न? १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा 'जहागीर' अथवा 'सरंजाम'. हा आपल्या दप्तरातील शब्द हॉलंडात बसलेल्या न्यायमूर्तींना समजून घ्यावा लागला! पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांची सत्ता मान्य धरली गेली होती, हेही न्यायालयाने नमूद केले. परंतु सैन्य वा शस्त्रे भारतातून नेण्याचा हक्क त्यांस नाही, असा निर्णय दिला. मराठीचे विद्यार्थी मोडीला कंटाळतात, तेव्हा आम्ही त्यांस हीच कथा सांगतो.

तेथून आदिवासी संग्रहालयात जावे. वारली, कोकणा आणि धोडिया या येथल्या मूळ रहिवाशांची वाद्ये, मुखवटे, मासेमारीची साधने येथे मांडलेली आहेत. पाहुणे दहा मिनिटांत बाहेर पडतात. आमच्या मते अर्धा तास तरी द्यावा. पेशवे, पोर्तुगीज आणि हेगचे न्यायाधीश ज्या गावांविषयी भांडले, त्या गावांत राहणारी माणसे हीच होती, आणि त्यांना कोणी काही विचारल्याचे कोठे आढळत नाही.

मग झेंडा चौक. मागच्या खेपेस तेथल्या चहाच्या टपरीवरील मुलास आम्ही चौकाच्या नावाविषयी विचारले.

"गुरुजी, पंधरा ऑगस्टला झेंडा लावतात ना, म्हणून."

"आणि दोन ऑगस्टला काय असते?"

"त्या दिवशी सुट्टी असते."

दोष त्याचा नाही. कारखाने आले तशी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली, आणि त्याचे आईबाप त्यांतलेच. पेशा शिक्षकाचा असल्याने आम्ही उभ्या उभ्याच तास घेतला. २२ जुलै १९५४ रोजी प्रथम दादरा मुक्त झाले. तेथील ठाण्याचा अधिकारी अनिसेतो रोझारिओ लढताना पडला, आणि शत्रूकडचा असला तरी त्याचे नाव सांगावयास हवे. महिनाअखेरीस आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तरुणांनी नरोली घेतली. २ ऑगस्टला सिल्वासा पडले. या तरुणांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पुढल्याच १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ज्यांच्या स्वराने घरोघरी हात जोडले गेले, ते आठ महिन्यांपूर्वी या चिखलातून चालत होते! त्या मुलाने 'गीतरामायण' ऐकलेले नव्हते, पण चहाचे पैसे घेईना.

त्यानंतर सात वर्षे येथला कारभार 'वरिष्ठ पंचायती'ने पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हवेली भारतात विलीन झाली. करारावर सही करावयास या चिमुकल्या राज्याचा प्रमुख हवा, म्हणून बदलानी या सनदी अधिकाऱ्यांस एका दिवसाचे पंतप्रधान करण्यात आले होते. २६ जानेवारी २०२०पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

शेवटचा टप्पा दमणगंगेचा. पलीकडे नरोली. आज वाहनांची रीघ पुलावरून जाते आणि नदीकडे कोणी पाहत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येऊन कठड्याशी उभे राहावे. गढूळ, फुगलेले पाणी पाहिले की, नरोली हाती आल्यावरही सिल्वासा किती दूर होते, हे पुस्तकावाचून कळते. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह खानवेलकडे निघून गेला होता; ११ ऑगस्टला उदवा येथे त्याने शरणागती पत्करली. ती वाट मात्र पायी करण्याजोगी नाही. एसटी किंवा स्वतःची गाडी घ्यावी.

सिल्वासास येण्यासाठी वापी स्थानकावर उतरावे. तेथून रिक्षा, बस सहज मिळतात. पावसाळ्यात येणे उत्तम, छत्री आणि जुन्या चपला घेऊन. सकाळी लवकर निघावे, कारण दहानंतर ट्रकांची गर्दी होते आणि झेंडा चौकात चालणेही कठीण जाते.