एक अल्बम, एकवीस दिवस आणि समीक्षेची तारीख

१/ साधनचिकित्सेत आपला पहिला प्रश्न असतो : हा मजकूर केव्हा लिहिला गेला? बहुधा वर्ष कळले की आपले समाधान होते. परंतु एखाद्या मजकुराचा अर्थ २१ दिवसांतही पालटतो. जॉन लेनन आणि योको ओनो यांचा ‘डबल फँटसी’ हे त्याचे उदाहरण.

२/ ऑक्टोबर १९७५ मध्ये पुत्र शॉनचा जन्म झाला आणि लेनन संगीतव्यवसायातून बाजूला होऊन न्यूयॉर्कच्या घरात मुलाच्या संगोपनात रमला. १९८० च्या उन्हाळ्यात बर्म्युडाच्या मुक्कामी त्याला पुन्हा गाणी सुचू लागली. तेथील उद्यानात पाहिलेल्या फ्रीझिया फुलाच्या एका वाणाचे नावच अल्बमला मिळाले.

३/ १७ नोव्हेंबर १९८० रोजी तो प्रकाशित झाला. १४ गाणी : ७ त्याची, ७ तिची. विषय दांपत्य, अपत्य, घर. पंक आणि न्यू वेव्हच्या त्या काळात अनेक समीक्षकांना हा सौम्यपणा आत्मसंतुष्ट वाटला. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’मधील चार्ल्स शार मरे यांचे परीक्षणही प्रतिकूलच होते.

४/ ८ डिसेंबरला लेननची त्याच्या घराच्या प्रवेशद्वाराशी हत्या झाली. छपाईच्या वाटेवरची काही प्रतिकूल परीक्षणे रोखली गेली. अल्बम अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे अग्रस्थानी पोहोचला. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

५/ ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ म्हणून हा विषय संपवता येईल. पण तो अन्याय ठरेल. परीक्षण रोखणारा संपादक खोटे बोलत नव्हता, सुतकाचा संकोच पाळत होता. अडचण आपली आहे : छापील अंकांत त्या मतांचा अभाव दिसतो आणि आपण त्याला एकमत समजतो.

६/ माझा जन्म या घटनेनंतर सुमारे दोन दशकांनी झाला. ‘ब्यूटिफुल बॉय’ मी प्रथम ऐकले तेच शेवट ठाऊक असताना. मुलाला मोठे होताना पाहण्याची बापाची आस मला ऐकवत नाही. नोव्हेंबरमधील श्रोत्याला ते एक गोड अंगाईगीत होते. त्याला कंटाळण्याचा अधिकार होता, तो माझ्याजवळ नाही. तो समीक्षक निर्दय नव्हता. तो जिवंत कलावंताविषयी लिहीत होता, ज्याला पुढच्या अल्बमने उत्तर देता आले असते.

७/ तरीही प्रत्येक पुनर्मूल्यांकन शोकातून येत नाही. ओनोची गाणी काळाच्या अधिक जवळची होती, हे मत पुढे दृढ होत गेले. त्यामागे हळहळ नव्हे, कान होता. म्हणून नोव्हेंबरचे मत खरे आणि नंतरचे खोटे, असा निवाडा मी करणार नाही. मात्र समीक्षा साधन म्हणून वापरताना वर्षाबरोबर महिना आणि दिवसही टिपून ठेवा. लिहिणाऱ्याला तेव्हा काय ठाऊक नव्हते, हे तिथेच कळते.