काडी आणि ठेका

काल नातवाने यूट्यूबवर झुबिन मेहतांचा व्हिएन्नातला 2015 चा नववर्षाचा कार्यक्रम लावून दिला. हातात वाद्य नाही, नुसती काडी. आणि समोर वाजवणारा अख्खा ताफा! प्रार्थनेला हात हलवणारी आमची मास्तरांची जात, त्यामुळे माझी नजर त्या हातांवरच. (आमच्याकडे चार पोरं एका सुरात आली तरी खूप!)

मेहता मुंबईचे, जन्म 1936 चा. वडील मेहली स्वतः व्हायोलिनवादक, तरी घरच्यांच्या मनात मुलाने डॉक्टर व्हावं. तो ते शिक्षण सोडून 1954 मध्ये व्हिएन्नाला गेला. वय अठरा. 1958 ची लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. मग माँट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क. इस्रायलच्या वाद्यवृंदाची धुरा तर 2019 पर्यंत.

आमचा धाकटा तबला छान वाजवायचा. दहावीनंतर पुण्याला गुरूंकडे राहतो म्हणाला. मी ऐकलं नाही. बिरवाडीला एमआयडीसी दारात, केमिकलचा डिप्लोमा कर, म्हटलं. त्याने केला. नोकरीही लागली. तबल्याची जोडी माळ्यावर गेली.

काल तो शिफ्टवरून आला, डबा हातात तसाच धरून मोबाईलकडे बघत उभा राहिला. थोड्या वेळाने डब्यावर बोटं चालू लागली.

मी नातवाला म्हटलं, आवाज जरा वाढव रे.