कारकुनाचा ड्राक्युला

पाचगणीला बदली झाली तेव्हा सांगलीच्या मंडळींनी "मजा आहे बुवा तुमची!" म्हणून पाठ थोपटली. त्यांतल्या एकानेही जुलैतली पाचगणी पाहिली नव्हती. जुलैत ती दिसतच नाही. टेबल लँड ढगात, सिल्व्हर ओक ढगात आणि दोरीवर वाळत घातलेला माझा शर्ट सोमवारपासून ढगात.

अशाच एका रात्री वीज गेली आणि मी मेणबत्ती लावून 'ड्राक्युला' वाचायला घेतला. बिऱ्हाडात एकट्या माणसाला अशी दुर्बुद्धी सुचते.

घाबरायची तयारी ठेवली होती; पण हे तर आपल्याच खात्यातलं पुस्तक निघालं! नायक हार्कर हा वकिलाच्या कचेरीतला कारकून, नुकताच सॉलिसिटर झालेला. घरखरेदीचे कागद घेऊन ट्रान्सिल्व्हानियात काउंटच्या गढीवर जातो. यजमान रक्त पितो हे त्याला उशिरा कळतं. (आपल्याला साहेबाचं पहिल्याच दिवशी कळतं.) पुढे काउंट मातीच्या पन्नास पेट्या घेऊन इंग्लंडात उतरतो. त्या पेट्यांचा माग लागतो तो कागदपत्रांवरून आणि हमालांकडच्या चौकशीतून. मीना सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा टाइप करून तारीखवार लावते. लसूण, क्रूस ठीक आहेत हो. पण काउंट खरा हरला तो फायलिंगपुढे! एका झटापटीत सुऱ्याने त्याचा कोट फाटतो, तर आतून नोटा आणि सोन्याची नाणी सांडतात. आणि हा बहाद्दर आधी मूठभर पैसे उचलतो, मगच खिडकीतून उडी टाकतो. असा खातेदार मी ओळखतो.

लिहिणारा ब्रॅम स्टोकर डब्लिनचा. जन्म १८४७. सात वर्षांचा होईपर्यंत अंथरुणाला खिळलेला. पुढे डब्लिनच्या सरकारी कचेरीत कारकून. कोर्टातल्या कारकुनांच्या कर्तव्यांवर त्याचं जाडजूड पुस्तक १८७९ साली निघालं. मग हेन्री आयर्व्हिंग या नटाच्या लंडनच्या थिएटरात सत्तावीस वर्षं मॅनेजरी, म्हणजे हिशेब आणि पत्रव्यवहार. ट्रान्सिल्व्हानिया त्याने जन्मात पाहिला नाही. वाचनालयात बसून टिपणं काढली. १९१२ साली वारला. भुताची मात्र बदली होतच राहिली. स्टीफन किंगने १९७५ साली ते अमेरिकेतल्या खेड्यात आणलं आणि तिथून आपल्या नारायण धारपांनी 'लुचाई'त मराठी मुलखात.

पण मी थांबलो तो एका आकड्यापाशी. 'ड्राक्युला' आला १८९७ साली. तेव्हा स्टोकर एकोणपन्नास वर्षांचा होता. माझं चव्वेचाळिसावं चालू आहे. खणात अर्धी लिहिलेली वही आहे. "आता या वयात काय लिहिणार?" असं सौ. म्हणाली, त्यालाही तीन वर्षं झाली.

तेवढ्यात दारावर थाप.

"सायेब, आत येऊ का?"

अंगावर सर्रकन काटा आला. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय काउंटला उंबरा ओलांडता येत नाही, हे नुकतंच वाचलं होतं. मी तोंड घट्ट मिटलं.

"सायेब, म्या हाय. डबा आणलाय. भिजतुया की!"

आमचा शिपाई. दार उघडलं. डबा ठेवून त्याने पुस्तकाकडे पाहिलं. "भुताचं हाय व्हय?"

"हो. एका कारकुनाने लिहिलंय."

"मंग तुमी बी लिवा की," एवढं बोलून तो धुक्यात नाहीसा झाला.

जेवण तसंच ठेवून मी खण उघडला. अजून पाच वर्षं आहेत.