आठ गोण्या मीठ

आमच्या सोसायटीत असा एक समज आहे, की कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला बिघडलेली कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते. लिफ्ट, इंटरकॉम, कुणाच्या तरी सासूबाईंचा मोबाइल.. त्यामुळे मी कमिटीत शिरल्या शिरल्या पोहण्याच्या तलावाचं खातं माझ्याच गळ्यात पडलं. लालबागला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर, गाड्यांच्या मजल्यांवर पोडियम आणि त्यावर हा तलाव. पाणी १ लाख २० हजार लिटर. आणि तलाव ‘मिठाचा’.

आता मिठाचा तलाव म्हणजे बिनक्लोरिनचा तलाव असं बऱ्याच जणांना वाटतं. (मलाही वाटायचं.) तसं काही नसतं. पाण्यात लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवून ठेवायचं. हे पाणी पंपाच्या वाटेवर एका नळकांड्यातून जातं, त्याला म्हणायचं सेल. आत टायटॅनियमच्या प्लेटा, त्यांच्यावर रुथेनियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर, आणि त्यांना डीसी करंट. विजेमुळे मिठातला क्लोरिन सुटा होतो, पाण्यात मिसळतो, जंतू मारतो आणि आपलं काम संपलं की बहुतेक सगळा परत मीठ होऊन बसतो. म्हणजे मीठ तसं खर्च होत नाही, पाणी बाहेर गेलं तरच त्याच्याबरोबर जातं. चौपाटीच्या समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि आपल्या अश्रूंत ९. त्या मानाने आमचा तलाव अळणीच म्हणायचा.

मुंबईत पाणी बाहेर जायचा सीझन म्हणजे पावसाळा. चार महिन्यांत दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तलावाची सरासरी खोली आहे सव्वा मीटर. म्हणजे तलावात जेवढं पाणी आहे त्याहून जास्त वरून पडतं आणि ओव्हरफ्लोमधून मीठ घेऊन निघून जातं. सप्टेंबरअखेर डिस्प्लेवर आकडा आला १.७. नेमकं त्याच आठवड्यात सेलचं नळकांडं तडकलं आणि पंप रूममध्ये गळायला लागलं. डीलरचा माणूस नवा ‘कंपॅटिबल’ सेल घेऊन आला. आटे जुळले, प्लग खटकन बसला, दिवा लागला. बिल दिलं, विषय संपला.

मग तलाव सांभाळणाऱ्या मामांनी मीठ टाकलं. २५ किलोच्या ८ गोण्या. रजिस्टरमध्ये त्यांच्या गोल गोल अक्षरात तशी नोंद आहे. दोन दिवसांनी मी जाऊन डिस्प्ले बघितला.

२.२. मीठ कमी.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी एक्सेल उघडलं. १.७ चे २.२ झाले, म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम वाढला. १ लाख २० हजार लिटरला ६० किलो. म्हणजे जेमतेम अडीच गोण्या. रजिस्टर म्हणतं ८. मग उरलेल्या साडेपाच गोण्या गेल्या कुठे? हा हिशोब मी कमिटीला मेल केला. शेवटी एक ओळही टाकली, ‘मी कुणावर आरोप करत नाही, पण आकडे असे आहेत.’ किती सभ्य वाक्य! आता वाटतं, सरळ आरोप केला असता तर मामांना निदान उत्तर तरी देता आलं असतं.

मेलला धडाधड उत्तरं आली. एकाने सीसीटीव्ही तपासा म्हटलं. एकाने ‘ही माणसं अशीच’ असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत ठरलं, की एजन्सीला कळवायचं आणि महिनाअखेर माणूस बदलून घ्यायचा.

शनिवारी सकाळी मी खाली गेलो तेव्हा मामांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. ते काही बोलले नाहीत. पंप रूमच्या कोपऱ्यातून घडी घातलेल्या रिकाम्या गोण्या काढल्या आणि माझ्यासमोर एक-एक करून मोजल्या. आठ. मी मनात म्हटलं, रिकाम्या गोणीवरून मीठ कुठे गेलं ते थोडंच कळतं! ते बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

“साहेब, पाणी चाखून बघा,” मामा म्हणाले. “बरोबर आहे तेवढं खारट आहे.”

मामा शिरोड्याकडचे. वडील मिठागरावर कामाला होते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं. मी हसून म्हटलं, “मामा, अहो मशीन २.२ दाखवतंय.”

“मशीन काय, चाखतं का?”

हा प्रश्न मात्र डोक्यात अडकला. खरंच, मशीनला मीठ कळतं कसं?

घरी येऊन किचनमधला वजनकाटा घेतला, दोन बादल्या घेतल्या. प्रत्येकीत मोजून १० लिटर नळाचं पाणी. एकीत २२ ग्रॅम मीठ, दुसरीत ३३. तिसऱ्या बादलीत तलावाचं पाणी. पाण्याची कंडक्टिव्हिटी तापमानाने बदलते, म्हणून तिन्ही बादल्या तासभर एकाच सावलीत ठेवल्या. मग आरओचं पाणी तपासायला घेतलेला पेनसारखा मीटर तिन्हींत बुडवला. मीटर स्वस्तातला, त्याच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता, पण तुलनेला तो पुरतो. तलावाचं पाणी ३३ ग्रॅमवाल्या बादलीला जाऊन चिकटलं. परत धुऊन, पुसून बुडवला. तेच.

म्हणजे मीठ लिटरमागे ३.३ ग्रॅम होतं. ८ गोण्या म्हणजे २०० किलो, लिटरमागे साधारण १.६ ग्रॅम. १.७ अधिक १.६. मामांचं रजिस्टर चोख होतं.

मग पंप बंद करून, मेन स्विच काढून नवा सेल उघडला. आत ९ प्लेटा. तडकलेला जुना सेल फळीवर पडून होता, त्यात १३. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. ते मशीन मीठ मोजतच नाही! ते प्लेटांना ठरावीक व्होल्टेज देतं, किती करंट वाहतो ते बघतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज करतं. तो अंदाज १३ प्लेटा धरून केलेला. १३ प्लेटांत १२ फटी, ९ प्लेटांत ८. करंट वाहायला जागाच दोन-तृतीयांश. ३.३ चे दोन-तृतीयांश किती? २.२. कॅल्क्युलेटरही लागला नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा बग नवा नाही. १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे नासाचं यान मंगळाजवळ पोचून असंच गेलं. एक प्रोग्रॅम पाउंड-सेकंदात आकडे देत होता, दुसरा ते न्यूटन-सेकंद समजून घेत होता. प्लग बसला होता, अर्थ बसला नव्हता. हे उदाहरण मी ऑफिसात नव्या मुलांना दरवेळी सांगतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एकदाही विचारलं नाही, की १.७ जुन्या सेलवरचे आणि २.२ नव्या सेलवरचे, मग मी यांची वजाबाकी कशी काय करतोय? मशीनचं आणि मामांचं जुळत नव्हतं, तेव्हा तपासायचं कुणाला, हे मी क्षणभरही न थांबता ठरवून टाकलं होतं.

कंट्रोलरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय निघाली. छोटा सेल निवडला आणि डिस्प्लेवर ३.३ आले. अर्थात क्लोरिनही दोन-तृतीयांशच तयार होत होता, म्हणून पंप ८ तासांऐवजी १२ तास चालवावा लागला. पुढे बरीच फोनाफोनी झाल्यावर डीलरने सेल बदलून दिला.

त्याच रात्री मी कमिटीला दुसरा मेल केला. हिशोब, बादल्या, प्लेटा, चूक माझी, सगळं लिहिलं. एजन्सीला कळवायचं राहिलं. पहिल्या मेलला अकरा उत्तरं आली होती. याला आली दोन, त्यातलं एक ‘गुड वर्क’.

सोमवारी खाली जाऊन मामांना म्हटलं, “मामा, चुकलं माझं.”

“झालं ते झालं, साहेब,” ते म्हणाले आणि जाळीने पानं काढत राहिले.

त्यांची नोकरी टिकली, तलाव निळा आहे, डिस्प्लेवर आकडा बरोबर येतो. पण पूर्वी रिकाम्या गोण्या ते भंगारवाल्याला देऊन टाकायचे. आता देत नाहीत. पंप रूमच्या कोपऱ्यात घडी घालून, तारीख टाकून ठेवतात.