उकळलेलं पाणी

आयोवातल्या आमच्या काउंटीच्या आरोग्य खात्यात माणसं मोजकी, कामं उदंड: लसी, हॉटेलांची तपासणी, सेप्टिक टाक्यांचे परवाने. माझ्या वाट्याला विहिरी. १९७४चा सुरक्षित पेयजल कायदा खासगी विहिरींना लागूच नाही. तपासणी मालकानं करायची; म्हणजे बहुधा कुणीच नाही.

आज मक्याच्या शेतातल्या एका घरी गेले. तान्हं बाळ, पावडरचं दूध. नळाची जाळी काढली, पाणी जरा वाहू दिलं, बाटली भरली. आजीबाई अभिमानानं म्हणाल्या, "आम्ही उकळूनच देतो हं!" उकळल्यानं जंतू मरतात, पण खतातलं नायट्रेट आटलेल्या पाण्यात उलट वाढतं. पुण्यात वाढलेल्या मला हे अजून पचत नाही. आमच्याकडे उकळलेलं पाणी म्हणजे शेवटचा शब्द! नायट्रेटच्या पाण्यानं बाळं निळी पडतात, हे आयोवा सिटीच्या डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५मध्येच मांडलं होतं. सार्वजनिक पाण्याला मर्यादा आहे: नायट्रोजनच्या हिशेबात लिटरला १० मिलिग्रॅम.

"अहवाल येईपर्यंत बाळाला विकतचं पाणी द्या," मी म्हटलं.

आजीबाईंनी गोठ्याकडे पाहिलं. "आणि गाईंना?"